घरच्या एस्प्रेसोचे जाते : पहिला विजेचा ग्राइंडर निवडताना



मासिक वंदनेनंतर अल्पोपाहाराच्या वेळी आमच्यात नाना विषय निघतात. मुलांच्या शाळा, घराचे हप्ते, गावाकडच्या आईवडिलांचे व्हिसा, हे विषय नेहमीचेच. अलीकडे त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे : "घरी एस्प्रेसोचे यंत्र आणले, पण कॅफेसारखी कॉफी काही होत नाही. यंत्रच खराब निघाले असेल का?" हा प्रश्न आम्ही इतक्या जणांकडून ऐकला, की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून काढावे असे वाटले.

ऑकलंडच्या दक्षिण भागात राहणाऱ्या आमच्यातील एका कुटुंबाची हकिकत त्यांच्या संमतीने येथे सांगतो. या कुटुंबाने स्वतःचे पहिले घर घेतले आणि त्याच वर्षी बॉक्सिंग डेच्या सवलतीत एस्प्रेसोचे एक देखणे यंत्र आणले. घरातील ताई रुग्णालयात रात्रपाळी करतात. त्या जादा पाळ्यांतून जमवलेले पैसे या यंत्रात गेले. दाणे दळण्यासाठी मात्र भारतातून आणलेला मिक्सर होताच. पहिल्याच रविवारी शेजारचे जोडपे कॉफीला आले. कपात उतरले ते आंबट, फिकट पाणी. पाहुण्यांनी चार घोट घेतले, घराचे कौतुक केले आणि कप अर्धा ठेवून ते निघून गेले. आणखी आठदहा दिवस खटपट झाली, आणि मग यंत्र गॅरेजमध्ये गेले. ते तेथे आठ महिने पडून होते. यंत्रावर खोके झाकताना ताई म्हणाल्या, "आपल्याला नाही हे जमायचे."

हा लेख लिहिण्याचे खरे कारण हे वाक्य आहे. यंत्रात दोष नव्हता, ताईंच्या हातातही नव्हता. दोष दळणात होता.

कॉफीच का?

न्यूझीलंडमध्ये कॉफी हे केवळ पेय नाही, ते भेटीचे निमित्त आहे. फ्लॅट व्हाइट प्रथम कोणी केली, यावर १९८० च्या दशकापासून न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया यांचा प्रेमळ वाद चालू आहे. त्याही आधी, १८९० मध्ये, इन्व्हर्कार्गिलच्या डेव्हिड स्ट्रँग यांनी पाण्यात विरघळणाऱ्या कॉफीचे पेटंट घेतले होते. म्हणजे झटपट कॉफीच्या इतिहासातही या देशाचे पान आरंभीचेच आहे. कचेरीतील नवा सहकारी "एकदा कॉफीला भेटू" म्हणतो, तेव्हा तो ओळख वाढवू पाहत असतो.

आपल्यासाठी या आमंत्रणाला आणखी एक अर्थ आहे. शुक्रवारी संध्याकाळी सहकारी पबमध्ये जमतात, तेव्हा पाचवे शील पाळणारे आपल्यापैकी अनेकजण हातात लिंबू-सोड्याचा पेला धरून अर्ध्या तासात घरी परततात. कॉफीच्या टेबलावर तो संकोच उरत नाही. त्या टेबलाशी आपण बरोबरीने आणि शेवटपर्यंत बसू शकतो. तेच टेबल आपल्या घरी मांडता आले, तर उत्तमच.

कपाचा इतिहासही आपण विसरलेलो नाही. आमच्यापैकी अनेकांच्या आजोबांना गावच्या हॉटेलात चहा मिळे तो दाराबाहेर, वेगळ्या ठेवलेल्या कपात, आणि तो कप त्यांनाच विसळून ठेवावा लागे. त्यांच्या नातवंडांनी स्वतःच्या घरी, स्वतःच्या कपांत कोणाही पाहुण्याला कॉफी द्यावी, ही गोष्ट आम्हाला क्षुल्लक वाटत नाही. म्हणून ती कॉफी चांगलीही व्हावी, एवढीच आमची इच्छा आहे.

मिक्सर कापतो, जाते दळते

मिक्सरमध्ये पाते फिरते आणि दाणा जेथे सापडेल तेथे तुटतो. त्यामुळे एकाच भांड्यात पिठी, रवा आणि भरड अशी तिन्ही मिळतात. चटणीला त्याने काही बिघडत नाही. एस्प्रेसोला मात्र सगळेच बिघडते.

जाते निराळे काम करते. दोन पाळींमध्ये ठरावीक फट असते आणि त्या फटीतून पार होईल एवढा बारीक झाल्याशिवाय दाणा बाहेर पडत नाही. पीठ हवे असेल तर मूठमूठ दाणे टाकायचे, डाळ भरडायची असेल तर हात सैल सोडायचा, हे आपल्या आज्यांना कोणी शिकवावे लागले नाही. पहाटेच्या त्या श्रमातून ओव्या जन्मल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील गावोगावच्या बायांकडून जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांमध्ये बाबासाहेबांवरील ओव्याही आहेत. दळण बारीक की भरड, हे ओळखणारी बोटे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होती. पुढे गावात गिरणी आली. "भाकरीचे जरा जाड, पोळीचे बारीक," असे सांगितले की गिरणीवाला चाक फिरवून दगडांमधली फट कमी-जास्त करी.

कॉफीचा चांगला विजेचा ग्राइंडर म्हणजे हीच गिरणी, लहान आकाराची. दगडांच्या जागी पोलादाच्या किंवा सिरॅमिकच्या दातेरी चकत्या असतात, ज्यांना दुकानात 'बर' म्हणतात. यंत्राच्या खोक्यावर 'बर ग्राइंडर' असे शब्द नसतील आणि आत मिक्सरसारखे पाते असेल, तर एस्प्रेसोसाठी ते घेऊ नये. ही निवडीची पहिली पायरी, आणि येथे तडजोड नाही.

एस्प्रेसो इतका हट्टी का?

गाळणीच्या कॉफीत पाणी आपल्या वजनाने हळूहळू खाली उतरते. पूड थोडी जाडीभरडी असली तरी ती ते सांभाळून घेते. एस्प्रेसोत पाणी सुमारे ९ बार दाबाने, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ नऊपट जोराने, पुडीच्या घट्ट थरातून ढकलले जाते. त्या जोराला अडवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे पूड. पूड जाड असेल तर पाणी सुसाट निघून जाते, दाण्यातील गोडी मागेच राहते आणि कप आंबट लागतो. पूड फार बारीक असेल तर पाणी अडते, थेंबथेंब उतरते आणि चव कडवट व तुरट होते. पूड असमान असेल तर पाणी वाट मिळेल तेथून घुसते, आणि एकाच कपात आंबट व कडू दोन्ही चवी येतात.

नवशिक्यांसाठी सर्वमान्य माप असे : १८ ग्रॅम पूड, कपात ३६ ग्रॅम कॉफी, वेळ २५ ते ३० सेकंद. पूड बारीक रव्याहून बारीक, पण मैद्याहून किंचित जाड असावी. या दोन टोकांमधील अंतर केसाएवढे असते. ग्राइंडरला नेमक्या त्या अंतरात बारीक पायऱ्या घेता आल्या पाहिजेत.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. अनेक घरगुती यंत्रांबरोबर दोन प्रकारच्या चाळण्या येतात. एकीच्या तळाला असंख्य छिद्रे दिसतात, तर दुहेरी तळाच्या चाळणीतून कॉफी बाहेर पडण्यास एकच सूक्ष्म छिद्र असते. ही दुसरी चाळणी दाब स्वतः निर्माण करते, त्यामुळे बाजारातील तयार पुडीचीही बरी कॉफी होते. ग्राइंडरसाठी पैसे जमेपर्यंत ती खुशाल वापरावी. त्यात कमीपणा नाही. फक्त त्या कॉफीवरील फेस पाहून दळण जमले, असे समजू नये.

घेताना काय पाहावे?

पहिली गोष्ट, फट बदलण्याची सोय. काही ग्राइंडरांना ठरावीक खटके असतात, काहींची कडी सलग कोठेही थांबवता येते. एकूण खटके किती, याला फारसा अर्थ नाही. एस्प्रेसोच्या टप्प्यात त्यांतील किती येतात, हे विचारावे. चाळीस खटक्यांपैकी तीनच एस्प्रेसोच्या कामाचे असतील, तर एका खटक्यावर कॉफी १५ सेकंदांत धावते आणि पुढच्या खटक्यावर ५० सेकंद अडते. मधली जागाच मिळत नाही. सलग कडीत ही अडचण नसते, पण कालची जागा आज सापडावी म्हणून खूण करून ठेवावी लागते. घरात दोघे-तिघे यंत्र वापरणार असतील, तर खटक्यांचा ग्राइंडर सोयीचा.

दुसरी गोष्ट, चकत्यांचा आकार. शंकूसारख्या चकत्या आणि सपाट चकत्या असे दोन प्रकार आहेत. चवीतील फरकावर जाणकार तासन्‌तास बोलतात, पण पहिल्या ग्राइंडरसाठी दोन्ही चालतात. दुधाची कॉफी पिणाऱ्या घरात हा फरक क्वचितच जाणवतो.

तिसरी गोष्ट, आत अडकून राहणारी पूड. जात्याच्या कडेला थोडे पीठ राहतेच, तसे येथेही राहते. काल दळलेली शिळी पूड आजच्या ताज्या पुडीत मिसळते. दिवसाला दोनच कप करणाऱ्या घराने म्हणून प्रत्येक कपापुरते दाणे तोलून टाकण्याची सोय असलेला ग्राइंडर पाहावा. सकाळी ओळीने पाच-सहा कप लागत असतील, तर वर दाण्यांचे मोठे भांडे आणि वेळेवर चालणारे बटण असलेला बरा.

चौथी गोष्ट, आवाज. येथील घरे लाकडी आणि भिंती पातळ असतात. पहाटेच्या पाळीला जाणारा एक आणि रात्रपाळीहून येऊन झोपलेला दुसरा, हे चित्र आपल्या अनेक घरांत आहे. शक्य असेल तर दुकानात यंत्र चालवून दाखवण्यास सांगावे. संकोच करू नये.

पाचवी गोष्ट, सफाई आणि सुटे भाग. वरची चकती हाताने काढता येते का, आतून ब्रश फिरवता येतो का, आणि पाच वर्षांनी चकत्या झिजल्या तर नव्या मिळतील का, हे विचारावे. जात्याला टाकी लावून घेता येई. ग्राइंडरच्या बाबतीत ते काम सुटे भाग करतात.

काही नावे

नावे सांगतो, पण जाहिरात म्हणून नव्हे, दुकानात गेल्यावर तुलना करता यावी म्हणून.

बराट्झाचा एन्कोर ईएसपी हा खटक्यांचा ग्राइंडर आहे. त्याच्या ४० खटक्यांपैकी पहिले २० एस्प्रेसोसाठी जवळजवळ ठेवले आहेत आणि उरलेले गाळणीच्या कॉफीसाठी. चकत्या ४० मिलिमीटरच्या, शंकूच्या आकाराच्या. सुटे भाग मिळणे आणि दुरुस्ती करता येणे यासाठी ही कंपनी ओळखली जाते. सकाळी एस्प्रेसो आणि दुपारी साधी गाळलेली कॉफी पिणाऱ्या घराला तो सोयीचा.

ब्रेव्हिलचा स्मार्ट ग्राइंडर प्रो येथील मोठ्या दुकानांत सहज दिसतो. त्याला ६० खटके आहेत, वेळ ठरवण्याचा पडदा आहे, आणि पूड थेट यंत्राच्या दांड्यातील चाळणीत पडते. अगदी नव्या माणसालाही तो लवकर समजतो.

फ्लॉरेन्सच्या युरेकाची मिन्यॉन मालिका सपाट चकत्यांची आणि सलग कडीची. यंत्र जड, बांधणी भक्कम. एस्प्रेसो हीच घरची कायमची कॉफी ठरली असेल, तर हा खर्च दीर्घकाळ पुरतो. गाळणीच्या जाड दळणासाठी कडी पुढेमागे फिरवत बसणे मात्र त्रासाचे होते.

डीएफ५४ हा ५४ मिलिमीटरच्या सपाट चकत्यांचा, सलग कडीचा आणि कपापुरते दाणे टाकून दळण्याचा ग्राइंडर. वरचा रबरी भाता दाबला की आतली उरलेली पूड बाहेर येते. तो कोण विकतो आणि बिघडल्यास कोण दुरुस्त करील, हे मात्र आधी पाहावे.

ग्राइंडर पोटातच असलेली यंत्रेही येथे लोकप्रिय आहेत. जागा कमी लागते, खरेदी एकदाच होते. पण पुढे फक्त ग्राइंडर सुधारावासा वाटला, किंवा दोहोंपैकी एक बिघडले, तर दोन्ही एकत्रच दुरुस्तीला जातात. हे जाणून निवड करावी.

पैसा आणि हक्क

बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात प्रत्येक बौद्धाने उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यासाठी द्यावा असे सांगितले. आमच्यातील अनेक घरे ती शिस्त पाळतात. गावाकडील भाच्याची वसतिगृहाची फी, आईची औषधे, हे खर्चही ठरलेले असतात. ते सर्व बाजूला काढल्यावर जे उरते, त्यातच ग्राइंडर बसवावा. कर्जाने किंवा हप्त्याने घेऊ नये. ही चैन आहे, आणि चैन स्वतःच्या शिलकीतून केली तरच निवांतपणे उपभोगता येते.

शिलकीची वाटणी करताना बहुतेकजण सगळी रक्कम चकचकीत यंत्रात घालतात आणि ग्राइंडरसाठी किरकोळ रक्कम उरते. आमचा सल्ला उलटा आहे. रकमेचे दोन भाग करा, आणि ग्राइंडरचा भाग यंत्राहून फार लहान ठेवू नका. साधे यंत्र आणि चांगले दळण यांची कॉफी प्यावीशी वाटते. भारी यंत्र आणि वाईट दळण यांची कॉफी आठ महिने गॅरेजमध्ये राहते.

खरेदी परवडते का, हे आपल्या गावच्या भावाने तपासावे. २५० ग्रॅमच्या पिशवीत सुमारे १३ वेळा १८ ग्रॅम पूड निघते. पिशवीची किंमत १३ ने भागा, त्यात दूध मिळवा, आणि कॅफेतील कपाच्या किमतीशी ताडून पाहा. पहिली पिशवी शिकण्यातच जाईल, ती हिशोबात धरू नका.

आता हक्कांविषयी. घरगुती वापराची वस्तू व्यापाऱ्याकडून घेतली, तर १९९३ चा कन्झ्युमर गॅरंटीज अॅक्ट आपल्या पाठीशी असतो. वस्तू स्वीकारार्ह दर्जाची हवी आणि वाजवी काळ टिकली पाहिजे. हा काळ खोक्यावरच्या एक वर्षाच्या हमीपुरताच असतो, असे नाही. दोष किरकोळ असेल तर विक्रेता दुरुस्ती करून देऊ शकतो. दोष गंभीर असेल तर वस्तू बदलून घ्यायची की पैसे परत घ्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार ग्राहकाचा. "कंपनीला कळवा" म्हणून विक्रेत्याला जबाबदारी झटकता येत नाही. म्हणूनच काउंटरवर देऊ केलेली जादा हमी विकत घेण्यापूर्वी, कायद्याने आधीच मिळते त्याहून तिच्यात अधिक काय आहे, हे विचारावे. केवळ मन बदलले म्हणून वस्तू परत घेण्याचे बंधन मात्र दुकानदारावर नाही.

ट्रेड मीवर व्यापाऱ्याकडून घेतलेली वस्तूही या कायद्याखाली येते. खासगी व्यक्तीकडून घेतलेली जुनी वस्तू येत नाही. जुना ग्राइंडर घेणे वाईट नाही, पण तो चालवून दाखवायला सांगावा, चकत्यांचे दाते बोथट झाले आहेत का ते पाहावे, आणि आपले दाणे सोबत नेऊन दळून घ्यावेत. परदेशातील विक्रेत्याकडून मागवल्यास कागदावर हक्क असले तरी ते बजावणे अवघड जाते. अमेरिकेतील नातलगांकडून ग्राइंडर मागवण्याचा मोह तर टाळावाच. तेथील वीज सुमारे १२० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. भारतातली उपकरणे प्लग बदलून येथे चालतात, अमेरिकेतली तशी चालत नाहीत.

पहिला आठवडा

ग्राइंडर घरी आला, की वजनकाटाही आणावा. एक दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा पुरे. चमच्याच्या अंदाजाने एस्प्रेसो होत नाही.

दाणे ताजे भाजलेले घ्यावेत. पिशवीवर भाजल्याची तारीख असावी. भाजल्यानंतर एक आठवड्याने सुरुवात करून चार-पाच आठवड्यांत दाणे संपवावेत. न्यूझीलंडच्या बहुतेक शहरांत स्थानिक भाजणारे आहेत. क्राइस्टचर्चची ट्रेड एड ही संस्था लहान उत्पादकांकडून न्याय्य व्यवहाराने कच्ची कॉफी आणते. ती कॉफी निवडण्यात आम्हाला विशेष समाधान वाटते. भारतात गेलात तर अराकू खोऱ्यातील आदिवासी शेतकऱ्यांची कॉफी मिळते. आणि आमच्या वैदर्भीय वाचकांना अभिमानाने सांगतो, अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्यालाही कॉफी पिकते. चिकोरी मिसळलेली पूड मात्र दक्षिणी फिल्टरसाठीच राहू द्यावी.

मग १८ ग्रॅम दाणे दळा, पूड समान पसरा, सपाट दाबा, आणि घड्याळ लावा. ३६ ग्रॅम कॉफी १५ सेकंदांत उतरली तर फट कमी करा, ४५ सेकंद लागली तर वाढवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. पूड, वजन आणि वेळ तिन्ही एकदम हलवली, तर चूक कोठे होती हे कधीच कळत नाही. फट बदलल्यावर पहिली थोडी पूड टाकून द्या, ती जुन्या फटीची असते. फट कमी करताना मोटर चालू असू द्या, म्हणजे चकत्यांमध्ये दाणे अडकत नाहीत. शेवटचा निर्णय जिभेचा : आंबट लागले तर बारीक करा, कडू लागले तर जाड. हे सर्व एका वहीत लिहा. आमच्या अनुभवाप्रमाणे चौथ्या-पाचव्या दिवशी वही बोलू लागते.

आणखी दोन सूचना, खास आपल्या स्वयंपाकघरांसाठी. या यंत्रात जिरे, मिरे, धणे कधीही दळू नका, त्यांचा वास आणि तेल चकत्यांतून जात नाही. आणि सफाईसाठी कच्चे तांदूळ दळण्याची घरगुती युक्ती येथे वापरू नका. कॉफीपेक्षा तांदूळ कठीण असतो, त्याने मोटरवर ताण येतो. कोरडा ब्रश पुरतो. पूड भिंतींना चिकटत असेल तर दळण्यापूर्वी दाण्यांवर पाण्याचा एकच थेंब टाकून ढवळा.

गॅरेजमधील यंत्राचे पुढे काय झाले?

त्या कुटुंबाने यंत्र विकण्याची जाहिरात लिहूनही ठेवली होती. आमच्यातील एकाने आपला ग्राइंडर पंधरा दिवसांसाठी त्यांच्याकडे नेऊन ठेवला. त्याच सुमारास ताईंच्या आजी अमरावती जिल्ह्यातून तीन महिन्यांसाठी येथे आल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे. कॉफी त्या पीत नाहीत. पहिल्या दिवशी कॉफी पुन्हा आंबट झाली, दुसऱ्या दिवशीही. ताई घड्याळ आणि काटा घेऊन हैराण झाल्या होत्या. आजी ओट्याशी आल्या, चाळणीतील चिमूटभर पूड उचलली, अंगठा आणि तर्जनीत चोळली आणि म्हणाल्या, "अजून भरड हाय."

कडी दोन खटके बारीककडे सरकली. कॉफी २७ सेकंदांत उतरली.

आजींनी तरुणपणी स्वतःच्या घरचे दळले आणि मजुरीने दुसऱ्यांच्या घरचेही दळले. त्या जात्यांवरचे पीठ दळणाऱ्या हातांच्या वाट्याला फार थोडे आले. तीच बोटे पॅसिफिकच्या या टोकाला नातीच्या ओट्यावर अचूक ठरली, तेव्हा त्या घरात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ताईंनी वहीत खटक्याचा आकडा लिहिला, एवढेच. विक्रीची जाहिरात अर्थात गेली नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी स्वतःचा ग्राइंडर घेतला. तो मध्यम किमतीचा, खटक्यांचा आणि रोख पैशांनी घेतलेला होता.

शेजारच्या जोडप्याला अजून पुन्हा बोलावलेले नाही. येत्या रविवारी बोलावले आहे. आजींचा परतीचा प्रवास त्यानंतरच्या आठवड्यात आहे. त्या दिवशी दळण आपण पाहणार, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले आहे.